बॉनेटखालून फुस्स आवाज येतोय? गाडी गॅरेजला नेण्याआधी हे तपासा

इंजिनाकडून येणाऱ्या फुस्स, सूं किंवा स्स्स अशा आवाजामागे बहुतेक वेळा तीनांपैकी एक गोष्ट असते. इंजिन एखाद्या फटीतून बाहेरची हवा आत ओढत असतं. नाहीतर दाबाखालची हवा, वाफ किंवा गॅस बाहेर पडत असतो. नाहीतर तापलेल्या लोखंडावर पाणी, कूलंट किंवा ऑइल ठिबकून करपत असतं. कानाला तिन्ही जवळपास सारखेच. पहिल्याला बऱ्याचदा वीतभर रबरी पाईप पुरतो, दुसऱ्यासाठी रस्त्याकडेला तासभर थांबावं लागतं, आणि तिसऱ्याकडे दुर्लक्ष केलं तर गाडी पेट घेऊ शकते.

नवीन माणूस बॉनेट उघडून आवाज कुठून येतोय ते शोधायला लागतो. पण बॉनेटखाली आवाज पत्र्यावर आपटून भलतीकडूनच आल्यासारखा वाटतो. त्याआधी आवाज कधी येतो ते नीट बघून कागदावर लिहा. इंजिन थंड की गरम, गाडी उभी की चढावर, एसी चालू की बंद, ब्रेकवर पाय होता की नव्हता. एवढ्या माहितीवर निम्मं निदान होतं. गॅरेजमध्ये "कसलातरी आवाज येतो" एवढंच सांगणाऱ्याच्या गाडीचे पार्ट अंदाजाने बदलले जातात आणि आवाज तसाच राहतो.

गाडी तिथेच थांबवायची वेळ

तपासणी नंतर. आधी पुढच्या चार गोष्टींपैकी एखादी घडतेय का ते बघा.

तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे गेलाय, लाल दिवा पेटलाय किंवा बॉनेटच्या कडेने वाफ येतेय: एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात लावा, सुरक्षित जागा बघून कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. हीटरचा छोटा रेडिएटर इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो, तेवढ्यात कडेला येता येतं. "आणखी दोन किलोमीटरवर साखळी गाव आहे, तिथे बघू" असा विचार करू नका. त्या दोन किलोमीटरात अ‍ॅल्युमिनियमचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकतं.

ब्रेक पेडल दगडासारखं कडक झालंय: ब्रेक पूर्ण गेलेले नाहीत, पण बूस्टरची (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याची) मदत संपली आहे आणि आता नेहमीपेक्षा कितीतरी जास्त जोर लागेल. गोव्याकडच्या चोर्ला, अनमोड किंवा करमल घाटात असाल तर खालच्या गिअरमध्ये राहून पहिल्या मोकळ्या जागी थांबा. तिथून पुढे गाडी टोइंगच्या गाडीवरच न्यावी.

सीएनजी गाडीत फुस्स आवाजाबरोबर गॅसचा वास येतोय: इंजिन आणि चावी बंद करा, सगळ्यांना उतरवा, दारं उघडी टाका. बॉनेट उघडून बघत बसू नका, गाडीजवळ फोन लावू नका, कुठलाही स्विच दाबू नका. सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह कुठे आहे हे आधीपासून माहीत असेल आणि तो सहज हाती येत असेल तरच बंद करा. मग लांब जाऊन १०१ किंवा ११२ ला फोन करा. पूर्ण भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाब असतो, त्यामुळे इथे घरगुती दुरुस्ती हा विषयच नाही. ह्या सिलिंडरची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) करून घ्यायची असते. तुमची तारीख उलटलेली नाही ना, ते आजच बघा.

चौथी गोष्ट, करपट वास आणि निळसर धूर. ऑइल गरम सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पडतंय. इंजिन बंद करा आणि थंड होईपर्यंत थांबा.

आवाज कधी येतो, त्यावरून कारण

इंजिन स्लोवर (गाडी उभी, रेस न देता) असताना आवाज मोठा आणि रेस दिली की कमी होतो किंवा दबतो: व्हॅक्यूम गळती, म्हणजे मेकॅनिक ज्याला "एअर घेतेय" म्हणतात ते. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) बंद असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) सगळ्यात जास्त ओढ असते. थ्रॉटल उघडला की ती ओढ कमी होते, म्हणून आवाजही उतरतो.

उलट, स्लोवर शांत आणि चढावर पाय दाबला की सूं: टर्बोच्या (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) पाईपमधून हवा सुटतेय. टर्बो नसलेल्या गाडीत हा प्रश्न येत नाही.

ब्रेक दाबल्यावरच येतो: बूस्टर किंवा त्याचा पाईप.

गाडी बंद केल्यावर येतो आणि मिनिटभरात थांबतो: डॅशबोर्डमागून असेल तर एसीचा गॅस दाब समान करून घेतोय, त्याची काळजी करू नका. बॉनेटखालून असेल आणि कूलंटच्या टाकीतली पातळी रोज थोडी उतरत असेल तर मात्र कूलंट गळतंय.

पावसाळ्यात आणखी एक होतं. रस्त्यावरचं साचलेलं पाणी उडून गरम सायलेन्सरवर पडतं, छस्स होतं, थोडी वाफही दिसते. जून ते सप्टेंबर गोव्यात हे रोजचंच. काटा मधोमध असेल, कूलंटची पातळी जागेवर असेल आणि वाफेला गोडसर वास नसेल तर ते पावसाचंच पाणी. गोडसर वास हा कूलंटचा.

हाताशी काय ठेवायचं

चांगली टॉर्च, ८, १० आणि १२ नंबरचे पाने, चपटा आणि फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, जाड हातमोजे, जुनं फडकं, साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली आणि साधारण मीटरभर लांबीचा स्वच्छ रबरी पाईप. पाईप कानाशी धरून दुसरं टोक इंजिनाभोवती फिरवायचं. डॉक्टरांच्या नळीसारखं हे काम करतं आणि फटीसमोर टोक आलं की आवाज एकदम मोठा होतो. ब्लूटूथवर चालणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) घेतलात तर पैसे वाया जात नाहीत. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो लागतो.

इंजिन चालू ठेवून काम करताना गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकामागे दगड. ओढणी, गळ्यातली साखळी, मंगळसूत्र, सैल बाह्या बेल्टजवळ नकोत. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो, म्हणून त्याच्या पात्यांत हात कधीच घालू नका. गाडी बंद शेडमध्ये चालू ठेवू नका. सायलेन्सरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

व्हॅक्यूम गळती शोधणं

नवशिक्याला स्वतः शोधता येईल आणि बहुधा स्वतः दुरुस्तही करता येईल असा हा दोष. बरोबरीची लक्षणं ठरलेली असतात. स्लो वाढतो किंवा वरखाली होतो, थंड इंजिन मिसिंग मारतं, सिग्नलवर गाडी थरथरते, कधी चेक इंजिनचा दिवा लागतो. बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांचा गरम स्लो ७०० ते ८५० आरपीएम असतो. एसी बंद ठेवूनही काटा हजाराच्या वर राहत असेल तर संशय घ्या.

स्कॅनर असेल तर आधी कोड वाचा. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. पी०५०७ म्हणजे स्लो ठरलेल्यापेक्षा जास्त. मग लाइव्ह डेटात फ्युएल ट्रिम (संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा) बघा. अल्प आणि दीर्घ मुदतीचा ट्रिम मिळून उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असेल तर ठीक. स्लोवर अधिक १५-२० टक्के आणि २,५०० आरपीएमला शून्याजवळ आला तर हवा फटीतून येतेय हे जवळपास नक्की, कारण रेस वाढल्यावर तेवढ्याच फटीतून येणारी हवा एकूण हवेच्या मानाने किरकोळ ठरते. याउलट रेसबरोबर ट्रिम वाढतच गेला तर पेट्रोल पंप किंवा फिल्टरकडे बघा. तिथे फटी शोधण्यात दिवस जाईल. एक अपवाद लक्षात असू द्या. काही गाड्यांत आत येणारी हवा मोजण्याऐवजी मॅनिफोल्डमधला दाब मोजतात. त्यांच्यात गळती असूनही ट्रिम फारसा हलत नाही, फक्त स्लो वाढतो.

आता शोध. हे सगळं इंजिन थंड असतानाच करा, हात भाजत नाहीत.

१. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा जाड पाईप हाताने चाचपा. घड्यांच्या खोबणीत चिरा पडतात, त्या ताणल्याशिवाय दिसत नाहीत. दोन्ही टोकांच्या क्लिपा घट्ट आहेत का बघा. नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल आणि आवाज तेव्हापासून असेल तर बहुधा इथेच सापडतं. फिल्टर बदलताना पाईप नीट बसलेला नसतो किंवा डब्याचं एखादं क्लिप लावायचं राहिलेलं असतं.

२. मॅनिफोल्डला जोडलेले सगळे बारीक पाईप एकेक करून बघा. टोकाला दाबून बघायचं. बिस्किटासारखा कडक, फुगलेला किंवा चिकट झालेला पाईप बाद. दातांच्या खुणा दिसल्या तर उंदीर. पावसात उंदीर कोरडी, गरम जागा शोधतात, आणि माडाच्या झावळ्यांच्या ढिगाजवळ किंवा फणसाखाली रात्रभर उभी राहणारी गाडी त्यांना सोयीची पडते. पाईपबरोबर वायरीही कुरतडलेल्या असतात, म्हणून एक कुरतडलेला पाईप सापडला की शोध तिथेच थांबवू नका. एअर फिल्टरच्या डब्यात घरटंसुद्धा सापडतं.

३. इंजिन सुरू करा आणि रबरी नळी कानाशी धरून फिरवा. थ्रॉटल बॉडीचा जोड, इंजेक्टरच्या खालच्या रबरी रिंगा, मॅनिफोल्ड आणि हेडमधलं गॅस्केट (पॅकिंग), बूस्टरचा पाईप, क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पोटातल्या) वाफा परत नेणारा पीसीव्हीचा पाईप.

४. आता चिमटा परीक्षा. फडकं गुंडाळलेल्या पकडीने एकेक रबरी पाईप हलकेच दाबून बंद करा. दाबल्यावर आवाज थांबला आणि स्लो खाली आला तर गळती पकडीच्या पुढे, त्या पाईपने जोडलेल्या भागात आहे. फरक पडला नाही तर पुढचा पाईप. जुना, सुकलेला पाईप पकडीखाली तुटू शकतो. तुटला तर समजा तो तसाही बदलायचाच होता.

५. संशय असलेल्या जोडावर साबणाचं पाणी फवारा. इथे बुडबुड्यांची वाट बघू नका. बुडबुडे दाबाने बाहेर येणाऱ्या गळतीवर येतात, ही गळती आत ओढणारी आहे. पाणी फटीत ओढलं जातं, क्षणभर आवाज बदलतो आणि स्लो डळमळतो. कॉइल, अल्टरनेटर आणि फ्यूज बॉक्सवर पाणी जाऊ देऊ नका. बरेच मेकॅनिक पाण्याऐवजी कार्ब क्लीनर फवारतात. त्याने फरक जास्त स्पष्ट कळतो, पण तो ज्वालाग्राही आहे आणि मॅनिफोल्ड गरम असतं. शिकणाऱ्याने पाण्यावरच थांबावं.

६. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करा. हलकी ओढ जाणवणं ठीक. झाकण निघता निघत नसेल, शिटीसारखा आवाज असेल आणि झाकण उघडताच तो बंद होत असेल तर पीसीव्हीचा पडदा फाटलाय. बऱ्याच नव्या गाड्यांत तो टॅपेट कव्हरमध्येच (इंजिनाच्या वरच्या झाकणात) बसवलेला असतो, मग पूर्ण कव्हर बदलावं लागतं.

एवढं करूनही जागा सापडली नाही तर गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून मागा. मॅनिफोल्डमध्ये अगदी कमी दाबाने धूर सोडतात आणि फटीतून तो बाहेर दिसतो. बाकी सगळ्या उपायांपेक्षा हा खात्रीचा आहे. स्मोक मशीन नसलेल्या गॅरेजमध्ये अंदाजाने मॅनिफोल्ड उघडू देण्याऐवजी म्हापसा, पणजी किंवा फोंड्यात मशीन असलेली जागा आधी फोन करून विचारा.

पाईप बदलताना

जुना तुकडा बरोबर घेऊन स्पेअर पार्ट्सच्या दुकानात जा. बारीक व्हॅक्यूम पाईप आतून ४ ते ६ मिलिमीटर असतात, बूस्टरचा जाड असतो. आतला व्यास एक मिलिमीटरनेही मोठा घेऊन क्लिपने आवळणं चुकीचं. क्लिपखाली सुरकुती पडते आणि तिथून पुन्हा हवा जाते. पीसीव्हीला ऑइलच्या वाफा सोसणारा पाईपच लागतो. साधा पाण्याचा पाईप लावला तर काही महिन्यांत फुगून मऊ होतो. बूस्टरच्या पाईपला व्हॅक्यूमसाठी बनवलेला जाड भिंतीचा पाईप घ्या, नाहीतर ओढीने तो चपटा होतो.

टोकाशीच चीर असेल आणि पाईपला थोडी सैल लांबी असेल तर एक-दीड सेंटिमीटर कापून पुन्हा बसवता येतो. निपलवर किमान २ सेंटिमीटर चढला पाहिजे. एम-सील आणि इन्सुलेशन टेप दोन्ही टाळा. उष्णता आणि ऑइल ह्यांपुढे ती टिकत नाहीत, आणि सुटलेला तुकडा आत ओढला गेला तर नवीन दुखणं. रस्त्यात अडकलात तर स्वतःला चिकटणारी सिलिकॉन टेप घरापर्यंत पोचवते.

मॅनिफोल्डचं गॅस्केट बदलायचं असेल तर बोल्ट मधून कडांकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळतात आणि टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा) लावतात. आजकालची मॅनिफोल्ड प्लास्टिकची असतात. जोर जास्त झाला की तडकतात आणि मग गॅस्केटच्या जागी सगळं मॅनिफोल्ड घ्यावं लागतं. टॉर्क पाना नसेल तर हे काम अंगावर घेऊ नका.

काम झाल्यावर कोड पुसा आणि ३०-५० किलोमीटर गाडी चालवून ट्रिम पुन्हा बघा. संगणकाला जुनी सवय मोडायला तेवढा वेळ लागतो. पहिल्या दहा मिनिटांत स्लो थोडा विचित्र वाटला तरी लगेच पाने काढू नका.

ब्रेक बूस्टर

पेडल दाबताना हलका, क्षणभराचा श्वासासारखा आवाज सगळ्याच गाड्यांत थोडा येतो. पाय दाबून धरलेला असताना तो सतत येत असेल तर बूस्टरचा पडदा किंवा सील गेलंय. पडताळणी तीन टप्प्यांत होते.

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. मग दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. दुसरं, इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा आणि पेडल सावकाश दाबत राहा. पहिल्यांदा खोल जाईल आणि पुढे प्रत्येक वेळी थोडं वर थांबेल. पहिल्याच वेळी कडक लागलं तर साठवलेला व्हॅक्यूम निघून गेलाय. तिसरं, इंजिन चालू असताना दाबून धरा, इंजिन बंद करा आणि ३० सेकंद पाय हलवू नका. पेडल वर ढकललं गेलं तर गळती आहे.

पूर्ण बूस्टर बदलायला होकार देण्याआधी त्याचा पाईप आणि पाईपमधला एकेरी व्हॉल्व्ह तपासायला सांगा. व्हॉल्व्ह काढून फुंकला तर हवा एकाच दिशेने गेली पाहिजे. दोन्हीकडून गेली तर दोष तिथेच, आणि तो पार्ट बूस्टरच्या मानाने अगदी स्वस्त. डिझेल गाडीत मॅनिफोल्डमधून ओढ मिळत नाही. तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, म्हणून डिझेलमध्ये पंप आणि त्यापासून निघणारे पाईप हेही यादीत घ्या.

कूलंटची वाफ

नेहमीचा नियम पुन्हा लिहायला हवा, कारण दर उन्हाळ्यात कोणीतरी भाजतंच: गरम इंजिनावर रेडिएटरचं किंवा टाकीचं झाकण उघडायचं नाही. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. त्या दाबाखाली साधं पाणीही साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब एकदम उतरतो आणि सगळं पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं. किमान ३० ते ४५ मिनिटं थांबा. वरचा रेडिएटर पाईप जाड फडक्यातून दाबून बघा. मऊ लागला तरच झाकणावर फडकं टाकून, अर्धा फेरा देऊन, दाब जाऊ देऊन मग उघडा. गरम इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेड तडकतं.

थंड झाल्यावर गळतीची जागा शोधा. सुकलेल्या कूलंटचा हिरवा, गुलाबी किंवा पांढुरका डाग राहतो. बघायच्या जागा: रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा ॲल्युमिनियमशी सांधा, वरचा-खालचा पाईप आणि त्यांच्या क्लिपा, वॉटर पंपाखालचं छोटं भोक, थर्मोस्टॅटचं (तापल्यावर कूलंटला वाट देणाऱ्या झडपेचं) घर, हीटरला जाणारे पाईप, आणि स्वतः झाकण. झाकणाचं रबर चिरलं किंवा स्प्रिंग सैल झाली की दाब धरत नाही, कूलंट लवकर उकळतं आणि बाकी कुठेच गळती सापडत नाही. सगळ्यात स्वस्त पार्ट म्हणून आधी तोच बदलून बघणं शहाणपणाचं. मात्र त्याच आकड्याचा घ्या. जास्त दाबाचं झाकण लावलं तर जुना रेडिएटर फुटतो.

किनारपट्टीवर, मोरजी-कळंगुटपासून काणकोणपर्यंत, खाऱ्या हवेने क्लिपा गंजतात आणि रेडिएटरच्या बारीक जाळ्या भुग्यासारख्या झडतात. टॉर्चने जाळी बघा. बोटाने भुगा पडत असेल तर गळती नसली तरी रेडिएटरची थंड करायची ताकद गेलेली आहे. गंजलेली क्लिप काढल्यावर स्टेनलेस स्टीलची लावा आणि ती नळी नुसती घट्ट बसेल एवढीच आवळा. प्लास्टिकच्या नळकांड्यावर जोर केला तर ते तुटतं.

भरताना ५०-५० प्रमाण, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी, नाहीतर तयार मिसळलेलं. इथे बर्फ पडत नाही म्हणून नुसतं पाणी चालतं हा समज सोडा. कूलंट गंज थांबवतं आणि उकळबिंदू वाढवतं, ते इथे जास्त गरजेचं. विहिरीचं आणि बोअरचं पाणी अडचणीपुरतंच. आपल्या तांबड्या जमिनीतल्या पाण्यात लोह असतं आणि त्याचा गाळ बारीक नळ्यांत बसतो. छोट्या गाडीत एकूण साधारण ४ ते ६ लिटर मावतं.

हवा काढणं विसरू नका. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, हीटर गरमवर ठेवा, सावकाश भरा, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा आणि वरचा पाईप अधूनमधून दाबा. थर्मोस्टॅट उघडला की (साधारण ८० ते ९० अंशांना) वरचा पाईप एकदम गरम होतो आणि पातळी खाली जाते. पुन्हा भरा, बुडबुडे थांबले की झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी परत बघा. अडकलेली हवा राहिली तर रेडिएटर भरलेला असूनही गाडी तापते.

बुडबुडे थांबतच नसतील, थंड इंजिन सुरू केल्यावर दोन मिनिटांत वरचा पाईप कडक होत असेल, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल किंवा ऑइलच्या काडीवर दुधाच्या चहासारखा रंग असेल तर हेड गॅस्केट उडालंय. पाणी भरून चालवत राहिलात तर खर्च आठवड्याला वाढतो.

सांडलेलं कूलंट भरपूर पाण्याने धुऊन टाका. ते गोड लागतं आणि विषारी असतं. दारातली कुत्री-मांजरं ते चाटून मरतात.

टर्बो आणि डिझेल

चढावर किंवा ओव्हरटेक करताना साधारण १,८०० ते २,५०० आरपीएमच्या दरम्यान सूं, पिकअप मेलेला, मागे काळा धूर, कधी पी०२९९ कोड. केरीहून चोर्ला चढताना हे उघड कळतं, पणजीच्या रहदारीत कळतही नाही. टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) आणि इंटरकूलरपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या जाड पाईपांचे सांधे बघा. ह्या पाईपांत ऑइलचा पातळ थर असतोच. फट पडली की तिथून ऑइलची वाफ बाहेर येते आणि आपली तांबडी धूळ तिच्यावर चिकटून काळपट-तांबडा लेप बसतो. तो लेप जिथे जाड, तिथे गळती. पाईपाच्या खालच्या बाजूची चीर बघण्यासाठी आरसा आत घाला.

"टर्बो गेला" हे ऐकल्यावर घाबरून पैसे काढू नका. आधी दाबाची परीक्षा करून मागा. पाईप, क्लिप किंवा इंटरकूलरची फुटलेली प्लास्टिक टाकी निघण्याची शक्यता टर्बोपेक्षा जास्त असते. तरीही गळती घेऊन महिने काढू नका. कमी पडणारी हवा भरून काढायला टर्बो जास्त वेगाने फिरतो आणि मग खरंच जातो.

उरलेली कारणं

टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक झालं की ऑइल हळूहळू सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर उतरतं, करपट वास येतो. पॅकिंग बदलणं सोपं काम आहे. जुनं पॅकिंग पूर्ण खरवडून, पुसून नवं बसवायचं. एक्झॉस्ट गॅस्केटची गळती थंड इंजिनावर टक-टक किंवा फुस-फुस अशी ठेक्यात येते आणि गरम झाल्यावर कमी होते. धूर आत येऊ शकतो म्हणून तिला उशीर करू नका. स्पार्क प्लग सैल असेल तरी असाच ठेक्यातला आवाज येतो आणि प्लगच्या खाचेत काळा ओलावा दिसतो.

एसी चालू असताना डॅशबोर्डमागे सतत फुसफुस आणि थंडावा कमी झालेला असेल तर गॅस कमी आहे. नुसता गॅस भरून देणाऱ्याकडे जाऊ नका. गळती शोधून, व्हॅक्यूम करून, वजनाने मोजून गॅस भरणारा शोधा.

गॅरेजमध्ये काय सांगायचं

आवाजाचा फोनवर व्हिडिओ काढा. एक थंड इंजिनाचा, एक गरम, एक रेस देतानाचा, आणि त्यात आरपीएमचा काटा दिसू द्या. मग असं सांगा: "स्लोवर आवाज येतो, रेस दिली की कमी होतो, बूस्टरचा पाईप दाबला तर फरक पडत नाही, कोड पी०१७१ आहे." एवढं ऐकल्यावर समोरचा माणूस नेमक्या जागी हात घालतो. बदललेला जुना पार्ट परत मागून घ्या आणि त्यावरची चीर स्वतः बघा. चीर दिसत नसेल तर तो का बदलला ते तिथेच विचारा.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीच्या आठवड्यात सगळी गॅरेज भरलेली असतात, तेव्हा वरची तपासणी ऑगस्टच्या सुरुवातीलाच करून घ्या. गाडी परत आली की दोन रात्री इंजिनाच्या खाली जमिनीवर पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी त्यावर डाग दिसला तर रंग आणि वास बघून कोणता द्रव ते कळतं, आणि डाग कुठल्या भागाखाली पडलाय त्यावरून पुढचा शोध कुठून सुरू करायचा तेही.